मंदाचं ‘मे पारेसे’

मंदा गेल्याचा फोन तिच्या मुलीने, अश्विनीने केला. “मावशी, आई गेली... दोन दिवस म्हणत होती, ‘मला वाटतं हे पित्त नाही.’ काकांनी सोडा आणून दिला.” जळगावच्या दवाखान्यात नेलं तेव्हा हृदयविकाराचा झटका येऊन बराच वेळ झाला होता.

मंदा माझी धुळ्याची शाळेतली मैत्रीण. लग्न होऊन रावेरला गेली. केळीच्या बागायतदारांचं मोठं घर. नवरा अबोल, कारभार दिराच्या हातात. पन्नाशीत ती मोबाइलवर परदेशातल्या केळीबागा बघायला लागली. तिथली माणसं स्पॅनिश बोलत. ती काय म्हणतात हे कळावं, एवढ्यासाठी तिने ऑनलाइन शिकवणी लावली आणि मलाही ओढलं.

मी लवकरच कंटाळले, ती रमली. एकदा मत हळुवार मांडायचा धडा होता. ‘मे पारेसे’ म्हणजे मला असं वाटतं. ‘मे प्रेगुंतो’ म्हणजे मी स्वतःलाच विचारते. धडा संपल्यावर ती अहिराणीत म्हणाली, “हाई तर मी घरमा रोजच करस. माले वाटस म्हणस, आन् कोणी ऐकस नही.”

पुढे त्यांच्या पॅकिंगच्या शेडमध्ये इक्वेडोरचा एक स्पॅनिश बोलणारा केळीतला जाणकार आला. मंदा चहा घेऊन गेली आणि तिथेच थांबली. ‘मे प्रेगुंतो’ म्हणत तिने विचारलं, घडापासून कापलेल्या केळीच्या फण्या लगेच पाण्यात का घालायच्या? त्याने कप खाली ठेवला, तिला टाकीपाशी नेऊन चीक कसा धुतला जातो ते दाखवलं. मग म्हणाला, “तुम्हाला काय वाटतं?” हे तिने मला फोनवर दोनदा सांगितलं... संध्याकाळी दीर म्हणाला, “वहिनी, पाहुण्यासमोर शोभा केली आपली.” नवरा शेजारीच बसला होता. त्यानंतर शेडमधला चहा दुसऱ्याच कुणाच्या हाती जाऊ लागला.

दहाव्याला हाच दीर चारचौघांत सांगत होता, “आमच्या वहिनींना स्पॅनिश यायचं.” अश्विनी उठून उभी राहिली. “काका, तिला काय वाटतं हे तुम्ही कधी विचारलंत?” एका बाईने तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

परवा रावेरला गेले. गच्चीवर, जिथे रेंज यायची म्हणून ती शिकवणीला बसायची तिथे, मंदाची प्लास्टिकची खुर्ची अजून आहे. तिच्या जाऊबाईंनी त्या खुर्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. अश्विनीने मिरच्या सुपात ओतल्या, पदराने खुर्ची पुसली आणि म्हणाली, “बस, मावशी.”

मला बसवेना.