चालीचा दाखला

“घरात कोण पुरुष येता?”

पंचाने सोप्यावरून विचारलं. त्याच्या बाजूला आणखी चौघे बसले होते, चहा पीत. मी खाली अंगणात उभी. हातात अर्ज. माझं बोट धरून अकरा वर्षांची मुलगी.

नवरा डिचोलीच्या बाजूला खनिजाचा ट्रक चालवायचा. एक दिवस ट्रक मालकाच्या दारात लावला आणि गेला. दुसरीकडे संसार मांडला. मी काजूच्या कारखान्यात बिया सोलायला लागले. चिकाने बोटांची सालं निघाली. मग कळलं, टाकलेल्या बायकांना सरकार मदत देतं. कचेरीत गेले. कारकून म्हणाला, “पंचाकडून चांगल्या चालीचा दाखला आण.”

माझ्या चालीचा. पळाला तो. त्याच्या चालीचा दाखला कुणी मागितला नाही.

म्हणून त्या अंगणात उभी होते. मान खाली घालून म्हटलं, “भाई, कोण येत नाय. आमी दोघीच.”

भाई हसला. मग माझ्या मुलीकडे वळला.

“गो चेडवा, तू खरां सांग. आवयकडे कोण येता?”

मोठ्यांनी विचारलं की उत्तर द्यायचं, एवढंच तिला ठाऊक. ती आठवायला लागली. खरंच आठवायला लागली.

“मामा आयल्लो. चवथीक.”

“मामा!” एकाच्या तोंडातला चहा उडाला. सगळे खिदळले. तिला काही कळलं नाही. पण तिने माझं बोट सोडलं.

तिथे माझी मान वर झाली.

“तिका विचारू नको,” मी म्हटलं. जन्मभर त्याला ‘तुमी’ म्हणत आले होते. “तुजो दाखलो तुज्या घरात ठेव.”

“बघतय तुका मदत कशी मेळता ती!” तो ओरडला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत. “चालीचा दाखला लागतो, हे कुठं लिहिलंय? दाखवा.”

कारकुनाने फाईल चाळली. “लिहिलेलं नाही. पद्धत आहे.”

“मग दाखल्याशिवाय अर्ज घेत नाही, असं लिहून सही करा.”

सही केली नाही. अर्ज मुकाट्याने घेतला.

अर्ज अजून अडकलाय. अडवणारा कोण, ते गावाला ठाऊक आहे. येत्या ग्रामसभेत मी उठणार. गावात टाकलेल्या आम्ही सातजणी आहोत, सगळ्यांना घेऊन. त्याच्या तोंडावर विचारणार, ही मदत सरकारची की तुझ्या बापाची? एक अर्ज फाडलास तर दुसरा लिहीन. पण चालीचा दाखला मी मागणार नाही. कुठल्याच बाईला मागू देणार नाही.