धुतलेली सायकल

"सायकल ढकलत आणलीस, आई, ढकलत! पार अंधार पडल्यावर! गॅरेट शोधायला निघाला नसता तर?"

"मी दाराशी पोचले तेव्हा तो बुटाच्या नाड्या बांधत होता," हेल्मी म्हणाली आणि कालचे मोजे शेगडीवरच्या दांडीवर उलटे करून पसरू लागली. अजून ओलेच होते.

"चेष्टा सुचतेय तुला?"

"मी कुठं हसले?"

गॅरेट, तिचा जावई, टेबलाशी वाटाण्याचं सूप पीत होता. मायलेकी बोलायला लागल्या की वाडग्यातून मान वर काढायची नाही, एवढं शहाणपण त्याला लग्नानंतर पहिल्याच वर्षी आलं होतं.

"अडुसष्ट वर्षांची बाई, असल्या गारठ्यात, जंगलात, एकटी!" डार्सी त्यालाच सांगत असल्यासारखी बोलत होती. "आणि वर रात्री बाहेर झोपते. परवा दुकानातली बाई मला विचारते, तुमच्या आईला घरात झोपायला जागा नाही का?"

"मग काय सांगितलंस?"

"आई!"

जागा होती. म्हणजे ऑगस्टपर्यंत होती. आईला सोबत म्हणून लेक-जावई डेट्रॉइट सोडून इकडे उत्तरेत सरोवराकाठी, कीवनॉला आले, त्यांच्यामागून त्यांचा सोफा आला, भिंतभर टीव्ही आला, आणि तिच्या नवऱ्याची, ओनीची खुर्ची शेडमध्ये सायकलशेजारी गेली. दोघं वाईट नव्हती. फक्त हेल्मीला ऐकू येत नाही असं धरून मोठ्यानं बोलायची आणि ती उत्तर देईपर्यंत दुसऱ्या खोलीत गेलेली असायची. एकटी होती तेव्हा ती निदान मांजराशी बोलत असे. आता डार्सीला शिंका येतात म्हणून मांजरही शेजाऱ्याकडे गेलं होतं.

हेल्मीनं सारी नोकरी शाळेच्या स्वयंपाकघरात केली. ओनी रस्त्यावरचा बर्फ सारणारी गाडी चालवायचा. बर्फ पडला की नवरा बाहेर, आणि इथं बर्फ पडायचा थांबतो कधी? पहाटे त्याची कॉफी तयार ठेवायची, बहुतेक संसार हाच. निवृत्त झाल्यावर त्यानं जाडजूड टायरांची सायकल आणली. म्हणाला, "आता बर्फ सारायचा नाही, त्याच्यावरनं जायचं. तुला पुढच्या वर्षी घेऊ." पुढचं वर्ष आलं, पण एप्रिलातच ओनी गेला. सप्टेंबरात तिनं त्याच्या सायकलची सीट खाली केली आणि बसली.

मेपल लाल होते तोवर ती सकाळी जाऊन दुपारी परत यायची. मग शिकारीचे दिवस आले, तेव्हा शिकाऱ्यांना लांबून माणूस दिसावं म्हणून ओनीचं नारिंगी जाकीट घालून जायला लागली. रूळ काढलेल्या जुन्या रेल्वेच्या वाटेवर तीन भिंतींचा एक लाकडी आडोसा आहे. तिथं ती पहिल्यांदा रात्रभर राहिली. कॉफी सवयीनं दोघांची केली. एक कप गरम प्यायली, दुसरा गार झाल्यावर.

थंडीतलं सगळं ती ओनीचं बघून शिकलेली. पाण्याची बाटली उलटी ठेवायची, म्हणजे तोंडाशी बर्फ धरत नाही. चॉकलेट कपड्यांच्या आत, अंगाशी ठेवायचं, नाहीतर दात जायचा. टायरमधली हवा अंगठा रुतेल इतकी सोडायची. आणि पहिल्या बर्फापासून बर्फ वितळेपर्यंत सायकल घरात आणायची नाही, तिला पाणी दाखवायचं नाही. उबेत आलेली सायकल वरून कोरडी दिसते, पण मागच्या चाकाच्या पोटात पाणी राहतं आणि बाहेर नेली की तिथंच गोठतं.

काल ती कॅम्पकडे निघाली होती. कॅम्प म्हणजे आडोशाच्याही पुढं ओनीनं स्वतः बांधलेली एका खोलीची लाकडी झोपडी. अर्ध्या वाटेत पेडल एकदम हलकं झालं. पाय फिरत होते, चाक फिरत नव्हतं. आधी तिला वाटलं, पाऊल निसटलं. मग कळलं, आत गोठलंय. कसं, ते कळेना. सरोवरावरून वारा येत होता. वाटेवर तिच्याच टायरांची एक रेघ होती. ती धरून ती सायकल ढकलत परत आली.

कसं, ते घरी कळलं. बाथटबला मातीचं कडं होतं आणि तिचा चांगला टॉवेल चेनच्या तेलानं काळा होऊन धुण्यात पडला होता.

"तू थकली नव्हतीस म्हणतेस, तर मग झालं काय?" डार्सी विचारत होती.

"सायकल अडली."

"सायकलला काय धाड भरलीय? शुक्रवारी तू चर्चमध्ये गेलीस ना, तेव्हा मीच धुऊन ठेवली. टबात, गरम पाण्यानं. म्हटलं, तुला दिसेल. बाबांच्या वेळी कशी चकचकीत असायची..." तिचा आवाज एकदम बसला. "तुझं लक्षसुद्धा गेलं नाही."

डार्सी यायची ती जुलैत. ओनीला अंगणात पाइप लावून सायकल धुताना तिनं पाहिलं होतं. हिवाळ्यात तो सायकलला फडकंही लावत नसे, हे डार्सीला कुठून ठाऊक!

एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य मग डार्सी जन्मभर घोळवत बसली असती. हेल्मीनं लेकीच्या बोटांकडे पाहिलं. साबणानं पेरं उलली होती.

"गेलं होतं लक्ष," ती म्हणाली. "छान झाली होती."

"मग? म्हणजे तूच थकलीस. कबूल कर."

"थकले."

डार्सीनं डोळे पुसले. जिंकल्यावर ती नेहमी मऊ व्हायची. "गॅरेटच्या ऑफिसातल्या एकाला हवीय सायकल. शनिवारी येईल न्यायला. तू माझ्याबरोबर शाळेच्या जिममध्ये चालायला येत जा. उबदार असतं."

गॅरेटनं मान वर काढली. "डार्स, सायकल आईंची आहे..."

"तू सूप पी."

हेल्मीनं मोजे पुन्हा उलटे केले. मग टेबलाशी बसून स्वतःसाठी सूप वाढून घेतलं.

"गॅरेट, खाऊन झालं की सायकल आत आण. मागचं चाक उघडून शेगडीजवळ सुकवायचंय, पातळ तेल द्यायचंय."

"विकायच्या आधी? बरं होईल," डार्सी म्हणाली.

"विकायची नाही. गुरुवारी मी कॅम्पवर राहायला जातेय. घर तुम्ही वापरा. बाबांची खुर्ची गॅरेट पलीकडच्या रस्त्यानं गाडीतून पोचवेल. मी सायकलनं जाईन."