हौगांगमधली पंगत

रविवारी दुपारी हौगांगच्या हॉकर सेंटरमध्ये शिरलं की मला अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटतं. वर मोठाले पंखे सावकाश फिरत असतात, कढयांमधून वाफ उठत असते. मलय, चिनी, तमिळ, इंग्रजी सगळ्या बोली एकमेकींत मिसळतात आणि शेवटी कानाशी नुसती गुणगुण उरते. एका छपराखाली खाण्याची चाळीसेक दुकानं, मध्ये टेबलं, आणि रिकामी खुर्ची दिसेल तिथं कुणीही बसावं. सिंगापुरात कुठं जेवायचं असं कुणी विचारलं, तर मी मॉलबिल सांगतच नाही. सरळ इथं या म्हणते. नऊ वर्षांत मी इथं कुणाकुणाशेजारी बसून जेवले, देव जाणे. चेहरे वाफेतून येतात, मान हलवतात, जातात.

पप्पा मराठवाड्यातून माझ्याकडे महिनाभर राहायला आले, तेव्हा मला एकच हौस होती. त्यांनी माझ्यासोबत इथं, चारचौघांत बसून जेवावं. बाकी काही बघितलं नाही तरी चालेल. पण पप्पा म्हणजे पप्पा. तालुक्याच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झाले, पण उभ्या जन्मात हॉटेलात जेवले नाहीत. लग्नातसुद्धा शेवटच्या पंगतीला, तेही कडेच्या पाटावर.

"पार्सल आण माय. घरी निवांत खाऊ," असं रोज.

दोन आठवडे मी प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन लिफ्टने वर येत राहिले. नूडल्सचे गोळे झाले, सूप सांडलं. तिसऱ्या आठवड्यात माझं डोकंच फिरलं. "पप्पा, इथं काळं कुत्रं ओळखत नाही तुम्हाला! कशाला एवढं बिचकता?"

"बिचकतंय कोण? उगं गर्दी नको वाटते."

"तीस वर्षं पोरांना मान वर करून बसा म्हणून शिकवलंत ना?"

"तोंडाला तोंड देऊ नकोस," म्हणाले, आणि रागारागाने चप्पल पायात घातली. मी मनातल्या मनात उडीच मारली.

गर्दी नको म्हणून सकाळी अकरालाच गेलो. ऊन तिरपं आत आलं होतं आणि ओल्या फरशीवर पसरलं होतं. पप्पांसाठी चिनी दुकानातून चिकन राईस घेतला, माझ्यासाठी मलय बाईंच्या दुकानातून नारळाच्या दुधातला भात आणि तळलेला मासा. पप्पा खाली मान घालून जेवले, पण जेवले! हाड चोखलं, मिरचीची चटणी बोटानं पुसून खाल्ली. "भाताला चव आहे," म्हणाले. मी त्यांच्याकडे बघत बसले. असं वाटत होतं की ही सकाळ संपूच नये, पंखे असेच फिरत राहावेत.

इथं जेवण झालं की आपला ट्रे आपणच नेऊन ठेवायचा असतो. त्यासाठी दोन वेगळ्या मांडण्या असतात. मी उठता उठता सहज म्हणाले, "पप्पा, तुमचा ट्रे तिकडं ठेवा हं. माझा इकडं."

माझा ठेवून वळले तर पप्पा नाहीत. दुसऱ्या मांडणीपाशीही नाहीत. मग दिसले. हात धुवायच्या बेसिनपाशी उभे होते आणि नळाखाली स्वतःची प्लेट घासत होते. बोटांनी, नीट, कडेकडेनं. टेबलं पुसणारी चिनी आजी धावत आली, "अंकल, नो नीड लाह, नो नीड!" पण पप्पांनी प्लेट निथळवली, पालथी केली आणि ठेवायची कुठं म्हणून इकडंतिकडं बघायला लागले.

पप्पा लहान असताना गावातल्या चहाच्या हॉटेलात आमच्या लोकांचे कप बाहेर वळचणीला ठेवलेले असायचे. चहा वरून ओतायचे. प्यायचा, कप स्वतः विसळायचा आणि पालथा घालून निघायचं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, तेही मी फार मागे लागले म्हणून. आणि आज त्यांची पोटची पोर त्यांना सांगत होती, तुमचं तिकडं, माझं इकडं.

"अहो पप्पा, तसं नाही!" मी प्लेट त्यांच्या हातातून घेतली. "मुसलमानांना डुकराचं मांस चालत नाही. म्हणून त्यांच्या दुकानांची भांडी वेगळी धुतात. मी मलय बाईंकडचं खाल्लं म्हणून माझा ट्रे इकडं. बस्स, एवढंच."

"अन् टेबल?"

"टेबल सगळ्यांना एकच."

"त्यांच्या भांड्यात तू जेवलेलं चालतं त्यांना?"

"मी रोज जेवते पप्पा."

त्यांनी ओले हात रुमालाला पुसले. मग म्हणाले, "बरंय की. ज्याचं त्यानं पाळावं, दुसऱ्याला उठवू नये." मला तिथंच रडू फुटलं. स्वतःचा इतका राग आला की काय सांगू. तुमचा तिकडं, माझा इकडं, ही दोन वाक्यं मी नऊ वर्षं येईल त्या पाहुण्याला सांगत आले होते, आणि एकदाही ती कानांना खुपली नव्हती. पप्पाच उलट मला समजावत होते, "गप गं, येडी का तू?"

पुढचे काही दिवस मी जेवणाचा विषय काढला नाही. पार्सल आणत राहिले.

मग त्यांच्या जाण्याआधीचा रविवार आला. बरोबर साडेबाराला पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे. "चल, तुझ्या त्या हॉटेलात जाऊ."

"अहो, आत्ता पाय ठेवायला जागा नसेल."

"असू दे."

खरंच मुंगी शिरायला जागा नव्हती. चार खुर्च्यांचं एक टेबल कसंबसं मिळालं. पप्पांना तिथं बसवलं आणि मी फिश सूपच्या रांगेत लागले. रांग काही सरकेना. वाफेपलीकडे पप्पा मधूनच दिसत, मधूनच दिसेनासे होत. कुणी काही बोललं तर? उठून निघून गेले तर?

वीसेक मिनिटांनी दोन वाडग्यांचा ट्रे सांभाळत आले, तर टेबल भरलेलं. एक चिनी म्हातारी नूडल्स खात होती. तिच्यासमोर एक मलय गृहस्थ शेजारच्या खुर्चीतल्या छोट्या मुलीला भात भरवत होते. पप्पा चक्क मराठीत त्या म्हातारीला म्हणत होते, "सावकाश होऊ द्या, घाई नाही." ती हसून मान डोलवत होती.

"पप्पा, माझी खुर्ची?"

पप्पांनी माझ्या ट्रेवरून आपला वाडगा उचलून घेतला.

"तू थांब जरा," ते म्हणाले. "पाहुणे जेवतायत."