सूर्याच्या राखेला वाट

भंडारा रोड स्टेशन वरठीला आहे. उतरले तेव्हा माधुरी मोटारसायकल घेऊन उभी होती. ही माझी हॉस्टेलमधली मैत्रीण, आता गुजरातेतल्या एका प्रयोगशाळेत संलयन भट्टीवर काम करते. म्हणजे पृथ्वीवर छोटा सूर्य पेटवण्याच्या यंत्रावर. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ती गावी, कारध्याला आली होती, आणि नेमकी मी पोचले त्याच दिवशी तिकडे तिच्या कामाची चाचणी होती.

वैनगंगेच्या पुलावर चाक पंक्चर झालं. गाडी ढकलता ढकलता मी विचारलं, "चाचणी कसली?"

"त्या भट्टीत वायू सूर्याच्या गाभ्याहून जास्त तापतो. त्याला भिंतीपासून दूर, चुंबकांनी अधांतरी धरतात. पण जळून झालेला हेलियम, म्हणजे त्याची राख, आत साचली की आग विझते. म्हणून ती कडेने खाली वळवायची, टंगस्टनच्या फरश्यांवर. सगळी धग तिथे, अरुंद पट्ट्यावर येते. फरशीच्या पोटात पाण्याची तांब्याची नळी असते. दोन्ही धातू सारखे फुगत नाहीत. सांधा सुटला की फरशी गेलीच. आज तोच सांधा तपासतायत."

"आधी सुटलाय?"

"दोनदा."

खाली नदी संथ चमकत होती. माझं मन मात्र त्या तापलेल्या अरुंद पट्ट्यावरच अडकलं होतं.

घरी काकूंनी लाखोळीच्या डाळीचे वडे आणि बोडीतल्या (शेततळ्यातल्या) झिंग्यांचा रस्सा वाढला. काळा चष्मा लावून काका खाटेवर बसले होते.

"एवढी आग कायले पेटवून राहिले तुमी?"

"कोळसा न जाळता वीज पायजे, बाबा."

"आन् मंग राखड कोठी जाते?"

माधुरी हसली. "थेच त माह्यं काम हाये."

तेवढ्यात फोन वाजला. हात रश्श्याने भरलेले, म्हणून तिने मला स्पीकर लावायला सांगितलं. पलीकडून सहकारी म्हणाला, "तापवण्या-थंड करण्याचे सगळे फेरे झाले. सांधा शाबूत आहे. तडा नाही."

ती ताटावरून उठली आणि तशीच बोडीच्या पाळीवर (काठावर) जाऊन बसली. मी मागोमाग गेले. समोर बांध्यांमध्ये (धानाच्या शेतांत) ऊन पसरलं होतं. ती रडत होती.

काठीने वाट चाचपत काका आले. "काहून रडून राहिली?"

"फरशी टिकली, बाबा."

त्यांचा हात तिचं डोकं शोधत राहिला. "मंग उद्या जाय तू. माह्या डोळ्याकडे तुही माय पाहीन."

दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरपर्यंत एकाच गाडीत होतो. अशा हजारो फरश्या लागतील, त्या वर्षानुवर्षं टिकायला हव्यात, आणि ती वीज आपल्या हयातीत घरी पोचेल की नाही हे तिलाही सांगता येत नव्हतं. हे सगळं तिने अगदी सहज सांगितलं आणि मांडीवर कागद ठेवून पुढच्या फरशीचा आराखडा काढायला घेतला. मी आजवर डोंगर पाहिले, समुद्र पाहिले. पण शेजारी बसलेल्या माणसाकडे इतकी मान वर करून बघावं लागेल, असं वाटलं नव्हतं.