बगदादचा परिच्छेद

आमच्या मंडळाची वक्तृत्व स्पर्धा म्हणजे खरं तर आयांची स्पर्धा. हे मी मंडळाच्या मीटिंगमध्ये तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे इथे लिहायला माझं काही जात नाही. भाषण आई लिहिते, हातवारे आई बसवते, आणि मुलं स्टेजवर येऊन 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' अशी पोपटपंची करून खाली उतरतात. उतरल्या उतरल्या तोंडातून पहिलं वाक्य निघतं ते इंग्रजीत. अबुधाबीत जन्मलेली मुलं, त्यांना दोष तरी काय द्यायचा? माझी लेक त्यातलीच. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे आमच्या अल रीमच्या घरात इतकं मुरलंय, की पुण्याहून सासूबाई आल्या की मला मधे दुभाषी म्हणून बसावं लागतं.

तर गेल्या वर्षी ही अकरा वर्षांची पोर शाळेतून आली आणि बॅग टाकता टाकता म्हणाली, "आई, मंडळाच्या कॉम्पिटिशनला मी नंबर्सवर बोलू? बट आय विल राइट इट मायसेल्फ." मी पोळ्या लाटत होते. मी लाटणं खाली ठेवलं. मराठीतलं भाषण स्वतः लिहिणार? हिला 'ण' आणि 'न' मधला फरक अजून मान्य नाही!

पण लिहिलं तिने. शाळेत त्यांना सुरुवातीच्या इस्लामी राजवटींबद्दल शिकवत होते. वाळवंटातून निघालेली माणसं शे-दीडशे वर्षांत स्पेनपासून सिंधपर्यंत पोचली, मग बगदाद वसलं, आणि त्या बगदादमध्ये दुनियाभरची पुस्तकं गोळा करून अरबीत उतरवायला माणसं बसवली. ग्रीक, फारसी, संस्कृत, जे हाताला लागेल ते. चिन्यांकडून आलेली कागदाची कला त्यांनी उचलली आणि पुस्तकं स्वस्त केली. हिला ह्या सगळ्यात एकच गोष्ट चिकटली होती. आपले दहा आकडे, शून्यासकट, भारतातून त्या बगदादला गेले. तिथल्या एका गणितज्ञाने त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यात सरळ सांगितलं की ही हिशोबाची रीत हिंदची आहे. बीजगणितही त्यानेच मांडलं. तिथून आकडे युरोपात गेले आणि युरोपने त्यांना अरबी आकडे म्हटलं.

मला वाटलं, मुलीने कुठल्यातरी व्हिडिओवरून उचललं असेल. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या इजिप्तच्या बाईला दिरहमची नोट दाखवली. नोटेवर एका बाजूला अरबी लिपीतले आकडे असतात, ते रोज बघतो आपण. म्हटलं, ह्यांना तुमच्यात काय म्हणतात? ती म्हणाली, "हिंदी आकडे, हबीबती. तुमचेच की!" आणि हसायला लागली, की तुला कसं माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं ह्या देशात राहून, रोज त्याच नोटा मोजून, मला पत्ता नाही.

घरी येऊन लेकीला सांगितलं तर ती नाचलीच. तिने ते वाक्य भाषणात घातलं: 'अरबी लोक अजूनही त्यांच्या आकड्यांना हिंदी म्हणतात, कारण ते कुठून आले हे ते विसरले नाहीत.' तिचं स्वतःचं मराठी वाक्य. मी एक काना इकडचा तिकडे केला नाही. त्या आठवड्यात ती टेबलावर बसून मला विचारायची, "आई, 'ट्रान्सलेट' ला काय म्हणतात? आई, 'ऋणी' बरोबर आहे?" मला दुसरं काही नको होतं. तिला कप मिळो न मिळो, मराठी तिच्या कामाला आली होती. सासूबाईंशी बोलायला नाही, सणाला मिरवायला नाही, तर स्वतःच्या डोक्यातलं सांगायला. ते टिकावं एवढीच माझी इच्छा होती.

आमच्याकडे भाषण आधी समितीकडे पाठवायचा नियम आहे. पाठवलं. दोन दिवसांनी अध्यक्षांचा फोन. बँकेत मोठ्या पदावर आहेत, गोड बोलतात, सगळे त्यांना दादा म्हणतात.

"वहिनी, भाषण एकदम फर्स्ट क्लास. फक्त तो मधला बगदादचा परिच्छेद आम्ही काढलाय."

"का?"

"अहो, आपला मराठी संस्कृतीचा कार्यक्रम. त्यात ते खलिफा, बगदाद... लोकांना खटकतं."

"कुठल्या लोकांना?"

"तुम्ही समजून घ्या ना, वहिनी."

समजलं होतं मला. समजून घ्यायची इच्छा नव्हती. मग त्यांनी दुसरं काढलं. आपण परक्या देशात आहोत, इथे धार्मिक विषय फार नाजूक, उगाच मंडळ अडचणीत यायचं. ह्यावर मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "दादा, गणित कधीपासून धार्मिक झालं हो? आणि अरबांच्या देशात अरबांचं कौतुक केलं म्हणून कोण पकडणार आहे आपल्याला?" ते हसले. हसून म्हणाले, सुधारून पाठवलंय, बघून घ्या.

बघितलं. बगदादच्या परिच्छेदाच्या जागी एकच ओळ होती: 'पुढे हे ज्ञान परकीयांनी पळवलं आणि स्वतःचं म्हणून जगात मिरवलं.'

पळवलं! माझ्या अंगाची लाही लाही झाली. अहो, ज्यांनी बाराशे वर्षं त्या आकड्यांवर हिंदचं नाव ठेवलं, पोराबाळांना शिकवताना ठेवलं, त्यांना तुम्ही चोर म्हणता? आणि तुम्हाला त्यांचं नाव अर्धा मिनिट घेववत नाही? आणि हे लिहिणारा माणूस तरी कोण? ह्याच देशात घर करून, ह्यांच्याच नोकऱ्या करून, सकाळी ऑफिसात 'इन्शाल्ला' आणि 'यल्ला' करत फिरणारा! लाज कशी वाटत नाही?

नवरा म्हणाला, "अगं, किती ताणतेस? चार मराठी घरं आहेत इथे. त्यांच्याशीही वाकडं करून ठेव." मी म्हटलं, वाकडं आहेच, मी फक्त दाखवतेय. तो कानात इअरफोन घालून बाल्कनीत गेला. त्याची ही पद्धत मला लग्नापासून माहीत आहे.

लेकीने तो कागद माझ्या हातातून घेतला आणि वाचला. "पळवलं मीन्स स्टोल?"

"हो."

"बट दे सेड इट वॉज फ्रॉम इंडिया. देन हू इज लायिंग?"

मी तिला काय सांगणार होते? ज्यांना तू काका म्हणून वाकून नमस्कार करतेस, ते? मी सरळ दादांना फोन लावला आणि बोलायचं ते बोलले. शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू गेलं असेल. शेवटी फार उपकार केल्यासारखं त्यांनी 'पळवलं'ची ओळ काढली. पण बगदाद नाही म्हणजे नाही. समितीचा निर्णय, खलास. बोलायचं तर असं बोला, नाहीतर नाव मागे घ्या.

मी नाव मागे घ्यायलाच निघाले होते. लेकच म्हणाली, "नो आई, आय विल डू इट. देअर वे इज फाइन."

फाइन! इतका राग मला दादांचाही आला नव्हता. एवढीशी पोर, तिला एका आठवड्यात कळलं की मराठी ही मोठ्यांनी सांगितलेलं म्हणून दाखवायची भाषा आहे, खरं बोलायचं ते इंग्रजीत. त्यानंतर तिने मला एकाही शब्दाचं मराठी विचारलं नाही. तेच मला सहन होत नव्हतं. एक माणूस माझ्या घरातून माझी भाषा उचलून नेत होता, आणि तेही संस्कृती जपायच्या नावाखाली.

स्पर्धेच्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत बसले होते, तोंडावर बारा वाजवून. हॉल भरलेला. तिचं नाव पुकारलं. तिने माईक खाली ओढला आणि सुरुवात केली. भारतातले आकडे, शून्याची कल्पना, उंटांवरून आणि जहाजांतून निघालेली माणसं. खणखणीत आवाज, एकही अडखळ नाही. दादा पहिल्या रांगेत मान डोलावत होते. मी त्या डोलणाऱ्या मानेकडे बघत होते.

"आणि हे आकडे मग..." ती म्हणाली, आणि थांबली.

सगळे वाट बघत होते. ती बोलेना. मागून कुणीतरी 'ओह, सो स्वीट' केलं. मग आमच्याकडे करतात तसं लोकांनी धीर द्यायला टाळ्या सुरू केल्या. दादा उठून दुसऱ्या माईकवर गेले. "घाबरू नकोस बाळा. शांतपणे आठव. आठवेल हं."

तिने टाळ्या थांबेपर्यंत वाट पाहिली.

"काका, मी विसरले नाहीये," ती म्हणाली. "इथे बगदाद होतं. तुम्ही ते काढलं, म्हणून मी थांबलेय."

एवढंच. पुढे तिने तोंड उघडलं नाही आणि ती खालीही उतरली नाही. वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत माईकसमोर तशीच उभी राहिली, आणि भरलेल्या हॉलमध्ये एकाचीही तिला 'उतर खाली' म्हणायची हिंमत झाली नाही.