ताटाबाहेर गेलेली पूड

किड्यांची पूड घेऊन जो माणूस आला होता, त्याच्या अंगाला अत्तराचा एवढा घमघमाट होता की आजोबांना वाटलं, कुणीतरी लग्नाचं आमंत्रण घेऊन आलंय. त्यांनी विचारलं, "मुहूर्त कधीचा?" तो माणूस मोठ्यानं हसला. "बस दादा, जल्दी ही." मग त्यानं टीपॉयवर एक चकचकीत डबा ठेवला. डब्यावर हसऱ्या म्हाताऱ्याचं चित्र होतं. तसले दात मी आजवर एकाही म्हाताऱ्याच्या तोंडात पाहिलेले नाहीत.

हे घर बडोद्यात, हरणीच्या एका सोसायटीतलं. माझं नाही. मी गडचिरोलीकडचा, सहावीत शाळा सोडलेला. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला होतो. ते काम सुटलं तेव्हा तिथल्याच एका साहेबांनी मला आपल्या वडिलांना सांभाळायला ठेवून घेतलं. मागची खोली दिली, पंखा दिला, सणाला कपडे दिले. घरातल्या आजी मला त्यांच्यासारखंच गरम वाढतात. परक्या गावात एवढं कोण करतं? म्हणून या घराबद्दल वेडंवाकडं लिहायला मन धजत नाही. साहेबांचा फोन आला तरी आजही वाटतं, की आता 'उद्यापासून येऊ नकोस' म्हणतील. पण त्या पुडीबद्दल मला काडीचा आदर नाही, आणि ती आणणाऱ्यांबद्दल तर त्याहून नाही. तेवढं लिहिणार.

आजोबा भूगोलाचे मास्तर होते. आता त्यांना अल्झायमर आहे. मी त्यांना त्यांच्या शाळेतला मास्तर वाटतो. "मास्तर, सहावीचा तास तुमचा का?" असं रोज विचारतात. मी म्हणतो, "होय जी." सहावीचा तास ज्यानं पुरता केला नाही, त्याला हा मान!

तर ती पूड रेशमाच्या किड्यांची होती. किडे वाळवून दळलेले. म्हाताऱ्यांच्या डोक्याला ताकद मिळते म्हणे. एका खासगी दवाखान्यातले डॉक्टर तिची चाचणी घेत होते. अर्ध्या म्हाताऱ्यांना खरी पूड, अर्ध्यांना खोटी, आणि कुणाला कोणती ते कुणालाच सांगायचं नाही. खोट्या पुडीलाही सुक्या मासळीसारखा तोच वास लावला होता. म्हणजे वासाचंसुद्धा सोंग.

मला त्यात हसूही आलं. आमच्याकडे लाल मुंग्यांची चटणी करतात. वसतिगृहात मी ती नेली, तर बाकीची पोरं ताटं उचलून लांब बसली होती. किडेखाऊ म्हणाली. शाळा सुटायला ते एक कारण झालं. इथे मात्र तोच किडा चांदीच्या कागदात गुंडाळला, आणि सगळे त्याच्यापुढे हात जोडून बसले.

आजी सोडून. घर पक्कं शाकाहारी. कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद.

साहेब म्हणाले, "आई, नुसतं ऐकून तरी घे. बाबांचं पूजेचं सोवळं रेशमाचंच ना? किडे उकळूनच काढतात ना ते रेशीम?"

"सोवळं नेसतात," आजी म्हणाल्या. "खात नाहीत."

अत्तरवाला मध्ये पडला. "बा, एकदम नेचरल छे. कैं वांधो नथी, काही हरकत नाही."

"तुम्ही घेता का रोज?"

"मारे शुं जरूर? माझा दिमाग तर एकदम सारू छे!"

"दिसतंय," आजी म्हणाल्या आणि चहाचे कप उचलून आत गेल्या.

तरी दोन दिवसांनी त्या हो म्हणाल्या. साहेबांच्या बोलण्यानं नाही. आजोबा त्यांना अक्का म्हणतात. अक्का म्हणजे आजोबांची थोरली बहीण, ती जाऊन किती वर्षं झाली. आणि वर ते त्यांनाच विचारतात, "अक्का, ही माहेराहून कधी येणार गं?" आजी मला भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "एकदा मला ओळखू देत रे. मग किडा काय नि विंचू काय."

साहेबांची गोष्ट वेगळी. पूड बाजारात आली की बडोद्याची एजन्सी त्यांना मिळणार होती. बापावर त्यांचा जीव नव्हता असं मी म्हणत नाही. पण बापाचं डोकं आणि एजन्सी या दोन गोष्टी त्यांनी एकाच पुडीत बांधल्या होत्या, आणि कुठली कुठे संपते ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग दवाखान्यातून तपासणीला एक मॅडम येऊ लागल्या. आल्या की आजोबांशी असं ओरडून बोलायच्या, जणू ते पाळण्यातलं पोर आहे नि शिवाय बहिरंही.

"दाऽदा, आज कोणता वार?"

"सुट्टी आहे का आज?" आजोबा म्हणाले.

"आपण कोणत्या राज्यात आहोत?"

"महाराजांच्या."

आजी पदरात हसल्या. या घराण्यात पिढ्यान् पिढ्या बडोद्याच्या महाराजांची कारकुनी झाली होती, उत्तर घरात चोख बरोबर होतं. मॅडमनी ते चूक धरलं. मग शंभरातून सात वजा करत जा म्हणाल्या. आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, हा गणिताचा तास आहे. माझा नाही." मला स्वतःलाही दुसऱ्या खेपेपुढे ती वजाबाकी जमली नाही. म्हटलं, मलाही एक पुडी द्या की.

जाता जाता मॅडम सांगून गेल्या, "पूड पहिल्या घासातच द्यायची. पहिला घास पोटात जातोच. पुढचं खातील न खातील." डॉक्टरही तेच म्हणाले होते. साहेबांनी मान डोलावली, आजींनी डोलावली, मीही डोलावली.

आणि इथेच सगळ्यांचं फसलं. त्या घरात पहिला भात कुणी खातच नाही.

आजोबांची जेवायची रीत जुनी. ताट वाढलं की आधी ताटाभोवती पाणी फिरवायचं. मग वरणभाताची चार शितं उचलून ताटाबाहेर उजवीकडे मांडायची. चित्राहुती म्हणतात तिला. ती झाल्याशिवाय घास घ्यायचा नाही. बाकी सगळं पुसलं गेलं, बायकोसुद्धा, पण ही रीत हातात राहिली होती. फक्त एक झालं होतं. चित्राहुती घातली हे ते विसरायचे आणि पुन्हा घालायचे. पुन्हा पाणी, पुन्हा भात. मुदीचा निम्मा भात टेबलावर यायचा, मग ते शांतपणे उरलेला जेवायचे. आजी बाहेरचा भात गोळा करून गॅलरीच्या कठड्यावर ठेवायच्या. खारी यायच्या, मुंग्या यायच्या. हे इतकं रोजचं होतं की कुणाला दिसतच नव्हतं. आजी पूड कालवायच्या ती मुदीच्या वरच्या भातात, आणि आजोबा उचलायचे तोही वरचाच भात.

म्हणजे वाळवलेला किडा घरभर फिरून शेवटी मुंग्यांच्या पोटात जात होता. एवढा मोठा दवाखाना, एवढे डॉक्टर, एवढा चकचकीत डबा, आणि औषध घेत होत्या गॅलरीतल्या मुंग्या.

गंमत म्हणजे आजोबांना गुण आला! साहेबांना तर रोज नवा गुण दिसायचा. "बाबांनी आज पेपर सुलटा धरला." "बाबा आज बातम्यांत हसले." संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर ते असं सांगत बसायचे की एका काकांनी आपल्या सासूसाठी दोन डबे आधीच मागून ठेवले. आजोबा तर पेपर पूर्वीही कधी सुलटा धरायचे, कधी उलटा. पण बघायचंच ठरवलं की काय दिसत नाही माणसाला?

एकदा मॅडम नेमक्या जेवायच्या वेळी आल्या. आजोबांचं तिसऱ्यांदा पाणी फिरवणं चाललं होतं.

"हे काय करताहेत?"

"चित्राहुती," आजी म्हणाल्या.

"रोज करतात?"

"माझं लग्न झाल्यापासून तरी."

मॅडम वाकून बघायला लागल्या. टेबलाच्या कडेनं मुंग्यांची रांग लागली होती. "आणि पूड कशात घातलीय?"

आजोबांनी तेवढ्यात आणखी थोडा भात उचलून बाहेर मांडला.

साहेबांचं तोंड लालबुंद झालं. "तुला दिसलं नाही?" ते माझ्यावर ओरडले.

आजी म्हणाल्या, "त्याला काय विचारतोस? बाप तुझा आहे. शेवटचा कधी बसला होतास त्यांच्याबरोबर जेवायला?"

मॅडमनी मात्र ऐकून घेतलं नाही. डोस पोटात गेलाच पाहिजे, नाहीतर चाचणीतून बाहेर, असं बजावून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून नवी व्यवस्था झाली. ताट आजोबांसमोर ठेवायचंच नाही. साहेब त्यांचा उजवा हात धरून बसणार आणि मी चमच्यानं सरळ भरवणार.

"अक्का, पाणी फिरवायचंय अजून," आजोबा म्हणाले.

"फिरवलं बाबा," साहेब म्हणाले. "मघाशीच झालं."

"कधी?"

"मघाशी."

आजोबांनी टेबलाकडे पाहिलं. टेबल स्वच्छ होतं, भाताचं एक शीत नव्हतं. आयुष्यभर पोरांच्या थापा ऐकलेला माणूस तो. त्यांनी ओठ मिटून घेतले.

ते मिटले ते मिटलेच. सकाळी दूध घ्यायचे, बिस्कीट घ्यायचे. जेवण म्हणून काही समोर आलं की तोंड बंद. त्यांच्या लेखी जेवण सुरूच झालेलं नव्हतं, मग घास कसा घेणार? आजी मूग गिळून बघत राहायच्या, कारण त्यांना अजून त्या पुडीची आशा होती. आजोबांचा पायजमा नाडी आवळूनही कमरेवर थांबेना. अंघोळ घालताना माझ्या हाताला बरगड्या लागायच्या. मी म्हातारी माणसं अशी वाळत गेलेली गावाकडे पाहिली आहेत. पुढे काय होतं ते मला माहीत होतं, आणि बोलायची छाती होत नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल."

साहेब घाबरले, खरोखर घाबरले. त्यांनी लगेच अत्तरवाल्याला फोन लावला. फोन स्पीकरवर टाकून टेबलावरच ठेवला, त्यामुळे त्याचं बोलणं सगळ्यांना ऐकू आलं.

"अरे साहेब, टेन्शन शुं ले छे? एक रीते तो सारू. नळीमां डोझ पक्को. एक दाणा पण बाहेर नहीं जाय."

साहेब फोनकडे बघतच राहिले. आजोबा शेजारी बसले होते, पेपर उलटा धरून. आजी उठल्या. वाटलं, फोन उचलून भिंतीवर मारतात की काय. त्या स्वयंपाकघरात गेल्या नि कुकर लावला.

थोड्या वेळानं त्यांनी ताट आणून आजोबांपुढे ठेवलं. ऊन भात, वरण, तूप, लिंबाची फोड. शेजारी पाण्याचं भांडं.

"आई, पूड..." साहेब म्हणाले.

"पूड नाही."

"मग काढून टाकतील आपल्याला."

"कुठून? ह्या घरातून?"

आजी आजोबांसमोर बसल्या. "फिरवा पाणी," म्हणाल्या.

आजोबांनी पाणी फिरवलं. भात उचलून बाहेर मांडला. थांबले, ताटाकडे पाहिलं, पुन्हा पाणी फिरवलं. पुन्हा भात मांडला. साहेब मध्येच हात पुढे करायचे, आजी नुसतं बघायच्या की हात मागे जायचा. ताटातली मूद संपत आली तशी आजींनी वाडग्यातला भात आणखी वाढला. "घाला. भात भरपूर आहे." किती वेळा झालं कोण जाणे. पाणी टेबलावरून खाली ठिबकायला लागलं. आणि मग त्यांनी कालवून एक घास केला, तो तोंडात घातला आणि चावू लागले. दुसरा घेतला. लिंबू पिळा म्हणाले.

आजी उठून मोरीत गेल्या. नळ बराच वेळ चालू होता. त्यांना त्या पुडीकडून जे हवं होतं ते त्यांनी त्या दिवशी सोडून दिलं, हे मला तेव्हा कळलं. एवढी मोठी गोष्ट सोडताना त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. आणि तो अत्तरवाला एवढ्याशा पुडीसाठी केवढा बोलत होता!

उरलेला डबा परत करायला साहेबांनी मला मकरपुऱ्याला पाठवलं. मला धास्ती, की हे मला घराबाहेर काढायचं निमित्त तर नाही? पण निघताना ते म्हणाले, "लवकर ये. तुझ्याशिवाय बाबा अंघोळीला ऐकत नाहीत." मग माझा जीव भांड्यात पडला.

अत्तरवाल्याच्या ऑफिसात एसी चालू होता. त्यानं डबा उघडून बघितला, बाजूला सरकवला आणि मोबाईलमधून मान वर न करता विचारलं, "दादा केम छे?"

"जेवतात जी."

"ए नहीं भाई. मेमरी. मेमरी में कुछ फरक?"

"जेवतात," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं शिकलेली माणसं आमच्यासारख्यांकडे बघतात. मी त्याच्याकडे कसं पाहिलं, ते त्याला समजलं नसावं. मी उठलो आणि बस पकडली. दुपारच्या भातापर्यंत पोचायचं होतं.