नावाच्या जागी शांतता

भुकूमला रस्त्याकडेला शंभूचं एका खोलीचं दुकान आहे. पिरंगुटपासून भूगावपर्यंत कुणाचं लग्न असो, दशक्रिया असो की ग्रामपंचायतीची दवंडी, रिक्षावर वाजणारा आवाज शंभूनंच कापून जोडलेला असतो. बारावीला आपटलेला हा गडी कानानं शिकला. भजनातला खोकला तो असा काढायचा, की आपण खोकलो होतो हे खोकणाऱ्यालाही पटू नये.

हे सगळं फुकटच्या सॉफ्टवेअरवर. कापा, जोडा, आवाज वाढवा, झालं. पण यंदा कोथरूडच्या एका स्टुडिओनं त्याला चाचणीला बोलावलं. पुस्तकं वाचून घेतलेले आवाज साफ करायचे. पक्की नोकरी. तिथलं सॉफ्टवेअर मोठं, महागडं.

"घरच्या कामाला तुझं फुकटचं बास आहे," वरच्या खोलीतला भाडेकरू सौरभ म्हणाला. तो लातूरचा, हिंजवडीत नोकरीला. "पण स्टुडिओत शंभर आवाज एकावर एक ठेवावे लागतात, आणि मूळ रेकॉर्डिंगला धक्का लागून चालत नाही. ट्रायल फुकट आहे. घे, हात बसव."

"आन् विंग्रजी?"

"ओके दाबायला कशाला लागतंय इंग्रजी?"

शंभूनं ओके दाबलं. त्या पानावर लिहिलं होतं, की ट्रायलमधून फाइल बाहेर काढली की तिच्यात ठरावीक अंतरानं आवाज बंद पडेल. ते शंभूनं वाचलं नाही, सौरभनंही नाही.

हात बसवायला काम आलं शेखरभाईच्या वाढदिवसाचं. शेखर म्हणजे जमिनीच्या प्रत्येक व्यवहारात मधे बसणारा, कोयत्यानं केक कापणारा माणूस. गाण्यात ढोल, गोळीबार, डरकाळी आणि धृपदात नाव: 'मुळशीचा वाघ, शेखरभाई!' शंभूनं जीव ओतला. सॉफ्टवेअरमध्ये वाजवून बघितलं, कडक वाजलं. बाहेर काढलेली फाइल मात्र ऐकली नाही. तशीच पेन ड्राइव्हवर घालून दिली.

भर दुपारी मिरवणूक चौकात आली. जीपवर शेखर उभा. 'मुळशीचा वाघ,' आणि आवाज बंद. जीपमागं रचलेल्या स्पीकरच्या भिंतीतून काहीच नाही. मग पुन्हा ढोल. धृपदाचा आणि त्या शांततेचा मेळ बसला होता. दुसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "विश्रामदादा!"

विश्राम हा शेखरचा वैरी. गर्दी हसली.

ओरडणारा सापडला नाही. जो हाताशी होता, त्याच्या खांद्यात कोयता बसला. रक्त केकच्या खोक्यावर उडालं. बाया पोरांना ओढत पळाल्या. मग शंभूला दुकानातून केसाला धरून आणलं.

"भाई, माझं चुकलं न्हाई. ट्रायल होतं ते..."

"ट्रायल?" शेखर म्हणाला. "माझ्या नावावर ट्रायल घेतुयास व्हय रं? लावा गाणं."

गाणं लागलं. रिकामी जागा आली की शंभूनं नाव ओरडायचं. उशीर झाला की डाव्या कानावर उघडा पंजा. शंभूला गाणं पाठ होतं. पण पहिल्या फटक्यानंतर ढोल नीट ऐकू येईना, म्हणून उशीर व्हायचा. उशीर झाला म्हणून फटका. गाणं संपलं की पुन्हा पहिल्यापासून. सौरभ गर्दीत उभा होता. सगळेच उभे होते. कानातलं रक्त गळ्यापर्यंत उतरलं, शेखरचा हात दुखायला लागला, तेव्हा ते थांबलं.

"सांच्यापतुर नीट करून पाठव," तो म्हणाला.

पोलीस आले तेव्हा चौक धुतलेला होता.

डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय, भरेल की नाही सांगता येत नाही. शंभूनं कोथरूडला फोन केला. दोन्ही कान लागतात, तिकडून सांगितलं, बरे झालात की कळवा.

"तक्रार दे," सौरभ म्हणाला. "मी येतो बरोबर."

"तुमी खोली सोडून जाल. आमी हितलंच."

संध्याकाळी तो जुन्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर बसला. गाणं पुन्हा बांधलं. या वेळी बाहेर काढलेली फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. तरी उरलेल्या कानावर भरवसा बसेना. त्यानं आईला हाक मारली.

"नाव येतंय का बघ. दर खेपेला."

तुळजाबाई हेडफोन लावून बसली. पोराचा कान फोडणाऱ्याचं नाव तिनं सबंध गाणंभर ऐकलं. हेडफोन काढून ती काहीतरी बोलली. शंभू कॉम्प्युटरकडेच बघत राहिला. ती उठली आणि त्याच्या उजव्या बाजूला येऊन बसली.

"येतंय म्हनलं. पाठव. आन् ह्यो धंदा सोड."

शंभूनं गाणं पाठवलं. धंदा सोडला नाही. त्याला दुसरं काही येत नाही.